गुटगुटीत

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ही डायरी ह्यांना कंपनीतून मिळालेली. वर्ष संपत आलं तरी कोरीच पडली होती. दवाखान्यातल्या आहाराच्या स्नेहल मॅडम म्हणाल्या, आरती दिवसभरात काय खाते ते लिहून ठेवा, म्हणून काढली. खाण्याचं मागच्या पानांवर लिहीन. इथं आज दुसरंच लिहावंसं वाटतंय.

दिवाळीच्या आधीपासून आरतीच्या उजव्या बरगडीखाली दुखत होतं. मी गॅस समजून ओवा देत राहिले. शेवटी इथं नगरमध्ये सावेडीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. आज रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी साठली आहे. सूजही आहे."

मला हसूच आलं. लिव्हर दारू पिणाऱ्याचं जातं. आमचे हे सुपारीलासुद्धा शिवत नाहीत, आणि ही तर अकरा वर्षांची पोर. मी तसं बोलून दाखवलं. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, दारूचा इथं काही संबंध नाही. अशी मुलं आता नेहमी येतात माझ्याकडे. गोड, मैदा, तळलेलं, बसून राहणं, आणि थोडं घराण्यातूनही आलेलं असतं. या वयात लिव्हर पुन्हा चांगलं होऊ शकतं. पण त्याला गोळी नाही. खाणं बदला, हालचाल वाढवा. आणि एकटीसाठी नको, सगळ्या घरानं बदला."

मग त्यांनी आरतीची वेणी बाजूला करून मान बघितली. मानेवर मागं काळा पट्टा आहे तिच्या. मला लाजच वाटली. म्हटलं, "किती घासते हो मी, पण निघतच नाही."

डॉक्टर म्हणाले, "हा मळ नाही. अंगात इन्सुलिन वाढलं की कातडी अशी जाड आणि काळी होते. घासू नका."

दर रविवारी न्हाऊ घालताना मी ती मान घासत आले आहे. आधी बेसन आणि लिंबू, मग वज्री. ती दात आवळून बसायची. "आत्या, झालं का?" एवढंच विचारायची. मी म्हणायची, मुलीच्या जातीनं स्वच्छ राहायला नको का.

डॉक्टर बोलत होते तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे बघत होती.

आरती माझ्या धाकट्या भावाची, कल्याणची मुलगी. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं. दिवाळी झाली की कल्याण आणि त्याची बायको बायडाबाई ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. थोरला अमृत वसतिगृहात असतो. आम्हाला मूल नाही. आरती चार वर्षांची असताना मी तिला मागून घेतलं. शाळा होईल, फडात हाल होणार नाहीत, म्हणून त्यांनीही दिली. आली तेव्हा हातापायाच्या काड्या होत्या. संध्याकाळ झाली की दाराशी बसून आईला हाका मारायची. खेळणी दिली, टीव्ही लावला, कशानंच गप्प बसेना. मग मला युक्ती सापडली. साखरेच्या दुधात बिस्किटं कुस्करून भरवायची. खाता खाता रडणं थांबायचं.

वर्षाच्या आत गुटगुटीत झाली. गावी नेली तर बायका म्हणाल्या, पंकजानं पोरीचं सोनं केलं. ते वाक्य मी किती दिवस पुरवून पुरवून आठवत होते.

चांगलंच केलं होतं ना मी?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

खारी, टोस्ट, शेव, आंब्याच्या रसाच्या बाटल्या सगळं काढून खालच्या मजल्यावर देऊन टाकलं. मॅडमनी सांगितलंय, फळ द्या पण रस नको, दुधात साखर नको, भाकरी चालेल, कडधान्य भरपूर. रोज तासभर खेळ.

संध्याकाळी आरती शाळेतून आली. तिनं सवयीनं डबा उघडला, रिकामा बघितला आणि झाकण लावून ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं. मला ते बघवेना. तूप-साखर लावून एक पोळी गुंडाळून दिली.

मागच्या पानावर ती पोळी लिहिलेली नाही. इथं लिहिते आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

कल्याणचा फोन. यंदा त्यांची टोळी लांब न जाता श्रीगोंद्याच्या बाजूला आली आहे. म्हणाला, "आक्का, यंदा जवळच हाय आमी. पोरीला घिऊन ये की एकदा." मग विचारलं, "तिच्या पोटाचं काय म्हनला डाक्टर?"

"पित्त आहे," मी म्हटलं.

खोटं का बोलले ते मलाच नीट सांगता येणार नाही. त्यांना तिथं फडात काळजी नको, म्हणून असेल.

आरती आईशी बोलली. नेहमीसारखंच, हो, नाही, झालं, ठीक. फोन ठेवल्यावर खिडकीशी जाऊन बसली. भूक लागली असणार, म्हणून शेंगदाणे-गूळ दिला. गूळ तर औषधीच असतो.

८ डिसेंबर, रविवार

आज श्रीगोंद्याला जाऊन आलो. हे कंपनीत होते, मी आणि आरती दोघीच एसटीनं गेलो. कल्याण फाट्यावर मोटरसायकल घेऊन आला होता. तिघं बसलो तर गाडी मागं कलायला लागली. आरतीच उतरली. म्हणाली, "मी चालत येते." मग कल्याण गाडी ढकलत आणि आम्ही दोघी चालत, असे गेलो. ती मध्ये दोनदा थांबली. कल्याण म्हणाला, "आक्का, पोरगी लई सुधारली तुज्याकडं." मला एरवी हे ऐकून बरं वाटतं.

त्यांच्या कोप्या उसाच्या पाचटाच्या, एका ओळीत घातलेल्या. वाकून आत जावं लागतं. बायडाबाईनं आरतीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, मग मानेवरून. हात तिथंच थांबला.

"ताई, हिच्या मानंला काय झालं?"

"उन्हानं काळवंडलीय."

"उनात तर आमी ऱ्हातो," ती म्हणाली. पुढं काही विचारलं नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि ठेचा. खाली बसून जेवायची आरतीला सवय नाही. उठताना तिला जमेना, तेव्हा बायडाबाईनं न बोलता हात दिला. एकच भाकरी खाल्ली पोरीनं. दुसरी घे म्हणून आईनं आग्रहही केला नाही. "झालं का पोट? मग ऊठ," एवढंच. मला ते कसंतरीच वाटलं. आपल्या लेकीला कोणी असं म्हणतं का?

जेवणानंतर दोघी मायलेकी फडात गेल्या. उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून विकतात, त्या बांधायला. मी कोपीच्या सावलीत बसले होते. लांबून आरतीचं हसणं ऐकू येत होतं. घामानं थबथबून आली, तोंड लाल, हाताला पात्यांचे ओरखडे. दुपारभर तिनं खायला काही मागितलं नाही. लाजली असेल.

परत येताना श्रीगोंद्याच्या स्टँडवर मी तिच्यासाठी वडापाव आणि थंडाची बाटली घेतली.

"नको गं आत्या."

"दिवसभर एका भाकरीवर आहेस. खा."

खिडकीबाहेर बघत तिनं सगळं खाल्लं. गुणी आहे. कशाला नाही म्हणत नाही.

६ जानेवारी, सोमवार

दीड महिन्यानं पुन्हा तपासणी. वजन वाढलं आहे. लिव्हरचा आकडाही वाढला आहे. लिव्हर किती कडक झालंय ते बघायची एक वेगळी तपासणी असते, तीही आज करून घेतली. डॉक्टर म्हणाले, "अगदी सुरुवात आहे, पण कडक व्हायला लागलंय. हे मला आता आवडत नाहीये."

मला वाटलं माझ्यावर ओरडतील. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

नंतर स्नेहल मॅडमकडे. त्यांनी मागची पानं चाळली. सगळं कसं छान लिहिलेलं. भाकरी, मटकी, काकडी. त्यांनी डायरी मिटून माझ्या हातात दिली आणि आरतीला विचारलं, "तुला भूक लागते तेव्हा पोटात कसं होतं गं?"

सोपा प्रश्न होता, पण तिला सांगता येईना. मग म्हणाली, "माहीत नाही. त्याच्या आधीच ताट येतं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, तिला भूक लागल्याचं तुम्हाला कसं कळतं?"

"आईला कळतं," मी म्हटलं.

तोंडून गेलं. आरतीनं झटकन वर बघितलं. मी पिशवी आवरायला घेतली.

घरी येईपर्यंत मला त्या मॅडमचा राग येत होता. अजून लग्न नाही, मूल नाही, आणि आम्हाला शिकवतात. मग लक्षात आलं, हे मलाही कोणी म्हणू शकेल. रिक्षात आरती माझ्या शेजारी बसली होती, अंग चोरून, जागा कमी व्यापायची म्हणून.

हे म्हणाले, "आपणच खाऊ घातलंय की. तिनं काय स्वतः आणलं का?"

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

टोळीला सुट्टी होती. कल्याण आणि बायडाबाई दुपारी आले. येताना उसाच्या कांड्या, बोरं, हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले. मी पुरणपोळी केली होती. आरतीसाठी छोटी, तूप न लावता केली होती, हे मला इथं नमूद करायचंय. सगळे जेवायला बसलो. आरतीनं पोळीचा तुकडा मोडला आणि आईला म्हणाली, "आई, माझ्या लिव्हरला सूज आहे. मला गोड खायचं नसतं."

इतक्या साधेपणानं म्हणाली. कल्याणचा घास हातातच राहिला.

"आक्का, तू तर पित्त म्हनली हुतीस."

ह्यांनी सगळं समजावून सांगितलं, रिपोर्ट काढून दाखवले. कल्याण "बरं", "बरं" करत राहिला. बायडाबाई रिपोर्टकडे बघतच नव्हती. तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "ताई, पोरगी माजी मला द्या."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "कुठं नेतेस? कोपीत?"

"कोपीत न्हाई तर घरी. पन द्या."

आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुझ्याकडं होती तेव्हा हाडं मोजता येत होती तिची. काड्या होत्या हातापायाच्या. शाळा नव्हती, अंगावर धड फ्रॉक नव्हता. मी नसते तर आज कोयता असता तिच्या हातात. आणि आता मला विचारतेस?"

आरती समोर होती. हे सगळं तिच्या समोर बोलले मी.

बायडाबाईचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "हाडं दिसत हुती, खरं हाय. तुमी शाळा केली, कपडे केले, तुमचं लई उपकार हायती ताई, मी न्हाई म्हनत न्हाई. पन माज्याकडं आसताना ती मागायची. भाकर दे म्हनायची, पानी दे म्हनायची, कडेवर घी म्हनायची. आता ती कायबी मागत न्हाई. फोनवरबी न्हाई. मी सारखी वाट बघते, आज तरी कायतरी मागंल."

कल्याण म्हणाला, "गप बस गं." तिळगूळ न घेताच दोघं गेले. माझ्या भावानं आजवर माझ्या घरी असं कधी जेवण अर्धं टाकलेलं नाही.

आरतीनं ताटं उचलली, ओटा पुसला. मी तिला म्हटलं, "आईला सांगायची काय गरज होती?"

"तिनं विचारलं नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

२० जानेवारी, सोमवार

रागाच्या भरात का होईना, आता मी नियमानं करते आहे. माझ्याकडं राहून ती बरी झाली हे मला दाखवायचंय. साखरेचा डबा वरच्या फळीवर. हे आणि आरती संध्याकाळी मोठ्या मैदानापर्यंत चालत जातात. पहिल्या दिवशी ती अर्ध्या वाटेतून परतली. आता जाऊन येते. मी जात नाही, ब्लाउजची शिलाई असते. आणि चाललं की मला धाप लागते.

२ फेब्रुवारी, रविवार

संक्रांतीनंतर आज पहिल्यांदा कल्याणचा फोन आला. माझ्याशी मोजकंच बोलला. मग आरतीनं घेतला. हो, नाही, झालं, ठीक. फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसली.

मी शिलाई सोडून उठले. स्वयंपाकघरात गेले, फुटाण्यांचा डबा काढला. फुटाणे चालतात, मॅडमनीच सांगितलंय. झाकण उघडलं, वाटी घेतली. आणि माझ्या लक्षात आलं की तिनं काही मागितलेलंच नाही. माझी मीच उठले होते. फोन वाजून संपला की मी उठते. नेहमीच उठते.

वाटी तशीच ओट्यावर ठेवून बाहेर आले. तिच्यापुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं म्हणजे हातांचं काय करायचं ते कळेना. पदर गुंडाळत राहिले. मग तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "काय झालं गं?"

तिनं आधी माझ्या हातांकडे बघितलं.

"काही नाही."

"सांग की."

रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू कुणाच्या तरी पत्र्यावर आदळला. मग ती म्हणाली, "आई आठवते."

एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. चार वर्षांची असताना रडायची तसंच, तोंड उघडून, आवाज काढून. इतक्या वर्षांत मी तिचं ते रडणं ऐकलं नव्हतं. मला वाटायचं ती विसरली, रुळली. जवळ घेतलं तर अंग आखडून घेतलं. मग थोड्या वेळानं डोकं टेकवलं.

मला वाटायचं तिला भूक लागलेली आहे. मनापासून वाटायचं. मी काही कपट केलं नाही. पण आज ओट्यावरची वाटी बघितली तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं.

९ मार्च, रविवार

आज कारखान्याचा पट्टा पडला, यंदाचा हंगाम संपला. कल्याण-बायडाबाई गावी निघाले. जाताना नगरच्या स्टँडबाहेर भेटायला बोलावलं. मी गेले. आरतीला घेऊन गेले. बायडाबाईशी बोलायचं मनात होतं, पण ट्रॅक्टरवर सगळी टोळी बसलेली, भांडीकुंडी, कोंबड्या, शेळ्या. तिनं वरूनच आरतीचा हात धरला.

मी म्हटलं, "परीक्षा झाली की सुट्टीला पाठवते."

"किती दिसांसाठी?" तिनं विचारलं.

"सुट्टीभर."

तिला माझं खरं वाटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आजवर सुट्टीत मी आरतीला गावी आठ दिवसांच्या वर कधी ठेवलेलं नाही. उन्हाळी वर्ग लावायची, नाहीतर ताप आल्याचं सांगायची. ताप खरा असायचाही कधीकधी.

२६ एप्रिल, शनिवार

आज हे तिला गावी सोडून आले. मी गेले नाही. बॅग भरून दिली. डब्यात काय द्यायचं ते कळेना, शेवटी दोन काकड्या दिल्या. हे म्हणाले, बस थांब्यावर बायडाबाई उभी होती, डोक्यावर पदर, उन्हात. बस लागायच्या आधीपासूनच.

३ मे, शनिवार

दोघांचा स्वयंपाक मला करता येत नाही. रोज चार पोळ्या उरतात.

११ मे, रविवार

स्नेहल मॅडमनी मागंच सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. घराण्यातून येतं म्हणतात. आता वेळच वेळ आहे, म्हणून तपासलं. ह्यांचं ठीक आहे. माझी साखर चांगलीच वाढलेली निघाली. सोनोग्राफीत माझ्याही लिव्हरवर चरबी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि दुसरा छोटा आरसा मागं धरला. माझी मानही तशीच आहे. मागं कोण बघतं आपल्या? मला कोणी घासलं नाही, म्हणून कळलं नाही.

आरतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तू पण चालायला जा मामांबरोबर. पहिल्या दिवशी जास्त जाऊ नको. पाय दुखतात." मग आतून कोणीतरी हाक मारली तर "आले, आले" म्हणत पळाली. फोन चालूच राहिला होता. कोंबड्यांचा आवाज येत होता. मी बराच वेळ ऐकत बसले.

९ जून, सोमवार

बायडाबाई आरतीला तपासणीला घेऊन नगरला आली. दवाखान्याच्या पायरीवर आरतीला आधी मी ओळखलंच नाही. काळी पडली आहे उन्हानं, आणि उंच वाटतेय. वजन फार उतरलेलं नाही, पण अंग आवळलंय. मानेचा पट्टा अजून आहे, थोडा फिकट.

डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरला आणि आरतीकडे बघून म्हणाले, "शाब्बास." लिव्हरचा आकडा निम्म्याच्या जवळ आलाय. अजून नॉर्मल नाही. कडकपणाचं पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. "असंच चालू ठेवलंत तर मला आशा आहे. काय केलंत हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं. ते बायडाबाईला विचारत होते.

"कायच न्हाई केलं," ती म्हणाली. "पानी आनाया येती माज्यासंगं. शेळ्या नेती. भाकर मागंल तवा देते."

मला वाटलं डॉक्टर आता माझ्याकडे बघतील. त्यांनी पुढची तारीख लिहून दिली. तेवढ्यात बायडाबाईच म्हणाली, "डाक्टरसायेब, येळंवर दवाखान्यात आनलं ते ताईंनी. आमाला कायच कळलं नसतं." मला तिचं हे बोलणं सहन होईना. संक्रांतीला मी काय काय बोलले होते, ते एक एक करून आठवत होतं.

बाहेर रसाच्या गाड्यावर उन्हाची माणसं उभी होती. तिघी तिथून पुढं गेलो. मी म्हटलं, "सोळाला शाळा उघडते." बायडाबाई म्हणाली, "त्येचंच बोलायचंय ताई. तुमी गावाला या. सगळ्यांसमोर बोलू."

१५ जून, रविवार

गावी जाऊन आले. पहिल्यांदाच माहेरी रिकाम्या हातानं गेले. पाथर्डीच्या स्टँडवर मिठाईच्या दुकानासमोर थांबले होते, मग पुढची बस लागली.

घरापुढच्या ओट्यावर बसलो. कल्याण जमिनीकडे बघत बोलला. यंदा बायडाबाई टोळीबरोबर जाणार नाही. आरती गावातच सातवीला बसेल. तो एकटा जाईल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आता त्याचा अर्धाच धरणार. म्हणजे कमाई अर्धी. "भागंल," म्हणाला. "आक्का, तू वाईट वाटून घिऊ नको. तुज्यामुळं पोरगी शिकली."

मी सगळं ठरवून गेले होते. नगरची शाळा, इंग्रजी, दवाखाना जवळ, चालायला मैदान, मी आता सुधारलेय, मला आता सगळं कळतं. बसमध्ये शब्दनशब्द जुळवला होता. आरती चुलीशी बसून भाकरी थापत होती, वेडीवाकडी, आणि बायडाबाई तिला काही शिकवत नव्हती, नुसती बघत होती. मी आरतीला हाक मारली.

"तुला कुठं राहायचंय गं? खरं सांग. मला जे बरं वाटेल ते सांगू नको."

तिनं पिठाचे हात फ्रॉकला पुसले. "आत्या, तू रागावशील."

"नाही रागावणार."

"रडशील."

"रडीन थोडी."

"मग इथं," ती म्हणाली. आणि लगेच, "सुट्टीत येईन मी. मामांना सांग."

मी जुळवून नेलेलं काहीच बोलले नाही. बायडाबाईला म्हटलं, "संक्रांतीला बोलले ते विसर म्हणायला मला तोंड नाही." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. जेवून जावा." ताटात एक भाकरी होती. दुसरी मीच मागून घेतली.

दुपारच्या बसला आरती मला सोडायला आली. रस्ता चढाचा आहे. माझी पिशवी तिच्या खांद्यावर. ती पुढं, मी मागं. निम्म्या वाटेत मला धाप लागली आणि मी बांधावर बसले. ती परत आली, शेजारी उभी राहिली. तिला घाई नव्हती. "बस ना. ही गेली तर दुसरी असते," म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. मान उघडी टाकून केस वर बांधले होते तिनं. काळा पट्टा स्पष्ट दिसत होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "आरती, ती मान मी घासायची ना..."

"दुखायचं," ती म्हणाली.

"सांगायचंस की."

"तू इतक्या मनापासून घासायचीस," ती म्हणाली, आणि मला उठायला हात दिला.

बस आली. ती हात हलवत उभी राहिली नाही. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून लगेच खाली उतरली आणि घराकडे चालू लागली. बस सुटेपर्यंत ती बरीच लांब गेली होती. चांगली भरभर चालत होती. मी मागच्या काचेतून वळणापर्यंत बघत राहिले. तिनं मागं वळून बघितलं नाही.

बरं झालं. बघितलं असतं तर मी बस थांबवून उतरले असते.